गाडी कधी लगेच चालू होते, कधी नुसती 'टक्' करते: माग कसा काढायचा

गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्या मुलासारखी पहिल्या सेल्फला चालू होते. मेकॅनिक आपल्याकडे बघतो, आपण गाडीकडे बघतो. "काही नाही हो, बॅटरी वीक झाली असेल," म्हणत तो हात पुसतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, नेमकं ऑफिसच्या घाईत, तीच गाडी पार्किंगमध्ये 'टक्' करून गप्प बसते.

ज्यांनी नुकतीच गाडी घेतली आहे, त्यातही सेकंडहँड, आणि बॉनेट उघडल्यावर आत नक्की कुठे बघायचं हे ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी मेकॅनिक नाही. माझ्या २०१० सालच्या पेट्रोल हॅचबॅकनं मला चार महिने नाचवलं, एवढीच माझी पात्रता. गाडी कधी चालू व्हायची, कधी नाही. झालीच तर कधीकधी रेस, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, आपोआप चढलेली राहायची. त्या चार महिन्यांत मी एक नवी बॅटरी घेतली आणि सेल्फ मोटर (इंजिनला पहिले फेरे देणारी) दुरुस्त करून घेतली. दोन्हींची गरज नव्हती. दोष सापडला तो बोटभर रुंदीच्या एका पट्टीत. त्यावर पुढे येतोच. तेव्हापासून एक नियम केलाय: आधी मोजायचं, मग पार्ट बदलायचा.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टिमीटर, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तीन-चारशे रुपयांत मिळतो. १० नंबरचा पाना, टॉर्च, जुना टूथब्रश, जाड तारेची जंपर केबल आणि एक वही. जंपर केबल स्वस्तातली घेऊ नका; वरून जाड आणि आत चार तारा, अशी केबल ऐन वेळी गरम होते आणि काम करत नाही.

हात घालण्याआधी हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला टाका. बॅटरीजवळ काम करताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पाना प्लसवरून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते आणि अंगठी मध्ये आली तर बोट भाजतं. इंजिन बंद असलं तरी किल्ली ऑन असेल तर रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करायची असेल तर आधी गाडी उघड्यावर आणा, धुराला वास नसला तरी तो विषारी असतो.

पहिली पायरी: वहीत लिहा

हे कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे टाळतात. पण अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचा माग लागतो तो त्याच्या वेळेवरून. माझ्या वहीतल्या दोन नोंदी जशाच्या तशा:

"मंगळवार, सकाळी ७.४०. रात्रभर उभी, रात्री पाऊस. किल्ली फिरवली, एकदा टक्. केबिनचा दिवा मंद झाला नाही. तिसऱ्या वेळेला चालू. रेस १८००, अॅक्सिलरेटर वर उचलून पाहिला तर खाली आली."

"गुरुवार, दुपारी ३. उन्हात तीन तास उभी. लगेच चालू. रेस ८५०."

गाडी थंड होती की गरम, किती वेळ उभी होती, पाऊस-दमट हवा होती का, टाकीत पेट्रोल किती, नुकतंच भरलं होतं का, सीएनजी असेल तर कशावर चालू होती, एसी लावला होता का, कोणता आवाज आला आणि डॅशबोर्डवर कोणता दिवा पेटला होता, एवढं लिहा. शक्य असेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. मेकॅनिकला तोंडानं 'घर्रर्र' करून दाखवण्यापेक्षा हे बरं.

दुसरी पायरी: आवाजावरून दोन वाटा

'गाडी चालू होत नाही' या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात. एक, सेल्फ इंजिनला फिरवतच नाही. दोन, सेल्फ मस्त फिरवतोय पण इंजिन पकडत नाही. पहिलीचा संबंध बॅटरी, वायरी आणि सेल्फशी. दुसरीचा पेट्रोल, ठिणगी आणि सेन्सरशी. दुसरी तक्रार असताना बॅटरी बदलणं म्हणजे पोट दुखतंय म्हणून चष्मा बदलणं.

केबिनचा दिवा लावा आणि त्याच्याकडे बघत किल्ली फिरवा. (हेडलाइट बऱ्याच नव्या गाड्यांत सेल्फ मारताना आपोआप बंद होतात, म्हणून केबिनचा दिवा.)

दिवा एकदम मंद झाला किंवा विझला आणि 'टकटकटकटक' असा भराभर आवाज आला, तर बॅटरीत जोर नाही किंवा तिची टर्मिनलं नीट बसलेली नाहीत. दिवा तसाच प्रखर आणि आवाज काहीच नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाहीये. दिवा प्रखर आणि एकच जड 'टक्', तर सेल्फचे कॉन्टॅक्ट किंवा ब्रश झिजलेले असू शकतात किंवा करंटच्या वाटेत कुठे तरी अडथळा आहे. इंजिन आळसावल्यासारखं 'घर्र... घर्र...' फिरलं, तर पुन्हा बॅटरी किंवा वायरी.

तिसरी पायरी: बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंग

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. अशा तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथेच निघतं आणि इथलं काम घरी होण्यासारखं आहे.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी दार उघडून थोडा वेळ थांबून, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक प्लसवर, काळं मायनसवर. १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ ला ती निम्मी असते आणि १२ च्या खाली जवळपास रिकामी. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी दमलेली आहे. गाडी चालू झाल्यावर तोच आकडा साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवा; १२ च्याच घरात राहिला तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा) चार्ज करत नाहीये आणि नवी बॅटरीही चार दिवसांत झोपेल. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेनुसार चार्जिंग कमी-जास्त करतो, तेव्हा हेडलाइट लावून पुन्हा मोजा.

बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते. पुण्यातल्या वापरात ती लवकर दमण्याचं एक साधं कारण आहे. कोथरूडहून डेक्कनला चार-पाच किलोमीटर, त्यात तीन सिग्नल, एसी, म्युझिक, मोबाइल चार्जर. सेल्फनं घेतलेला करंट भरून यायच्या आत गाडी पुन्हा बंद. वर्क फ्रॉम होमवाल्यांची गाडी तर रविवार ते रविवार हलत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग फिरवून आणा.

गाडी उभी असतानाच बॅटरी उतरत असेल तर बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस किंवा अलार्म आधी काढून बघा. सगळं बंद करून गाडी झोपी गेल्यावर बॅटरीतून साधारण ५० मिलीअँपिअरपेक्षा जास्त करंट जाता कामा नये. हे मोजायला मीटर मायनसच्या वाटेत जोडावा लागतो, आणि मध्येच कोणी सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडतो. पहिल्यांदा करणार असाल तर इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

टर्मिनल हातानं हलवून पाहा. जराही फिरलं तर ते सैल आहे. पांढरट-हिरवट भुकटी दिसली तर आधी मायनस सोडवा, मग प्लस. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून टूथब्रशनं घासा, कोरडं करा, जोडताना आधी प्लस आणि शेवटी मायनस. वरून थोडं पेट्रोलियम जेली लावा. दहा मिनिटांचं काम.

आता माझी पट्टी. बॅटरीच्या मायनसवरून एक वायर बॉडीला जाते आणि बॉडीवरून इंजिनला किंवा गिअरबॉक्सला एक विणलेली पट्टी किंवा जाड वायर जाते. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी ही पट्टी लागते. सेल्फ इंजिनलाच बोल्टनं बसवलेला असतो आणि तो दोनशे अँपिअरच्या घरात करंट ओढू शकतो. तो सगळा करंट परत बॅटरीकडे येतो तो याच वाटेनं. या पट्टीच्या बोल्टखाली गंज चढला, तारा तुटत गेल्या की करंट अडतो. प्लसची वायर सगळे बघतात, कारण ती लाल असते आणि महत्त्वाची दिसते. या पट्टीकडे कोणी बघत नाही.

पद्मावतीला रस्त्याकडेला एक टपरीवजा ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तिथला विशीतला पोरगा. मी माझी सगळी कहाणी सांगितली, नवी बॅटरी, सेल्फ, वहीतल्या नोंदी. त्यानं वही वाचली नाही. मला सेल्फ मारायला लावला, तीन-चारदा, गाडी 'टक्' करत राहिली. मग म्हणाला, "काका, खाली उतरा आणि क्लचच्या केबलला हात लावून बघा." लावला. केबल कोमट होती. चांगलीच कोमट, नुकत्याच चार्जिंगवरून काढलेल्या मोबाइलसारखी. इंजिन थंडगार आणि क्लचची केबल गरम! तो हसला. "अर्थिंग तुटलंय. करंटला जायला वाट नाही, म्हणून तो केबलमधून जातोय."

मग त्यानं जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडी ब्रॅकेटला लावलं. "मारा आता." पहिल्या सेल्फला गाडी चालू झाली. पुन्हा बंद केली, पुन्हा चालू. केबल काढली की 'टक्', लावली की चालू.

आणि रेसचं काय? तेही त्याच पट्टीमुळे. माझ्या गाडीचा अॅक्सिलरेटर केबलचा. सेल्फचा करंट क्लचच्या केबलबरोबर तिच्यातूनही जात होता, तापून तिचं आतलं अस्तर काही ठिकाणी वितळलं होतं आणि पाय काढल्यावर केबल पूर्ण परत जात नव्हती. म्हणून रेस १८०० ला अडकायची आणि पेडल पायानं वर उचललं की उतरायची. मी ते वहीत लिहूनही ठेवलं होतं, फक्त त्याचा अर्थ लावला नव्हता. नवी अर्थिंगची पट्टी आणि अॅक्सिलरेटरची केबल, दोन्ही नाना पेठेतून आणली. दोन्ही मिळून खर्च, आधी वाया घालवलेल्या बॅटरीच्या पाव हिश्श्याहूनही कमी.

हीच तपासणी तुम्ही मीटरनं करू शकता. मीटर डीसीवर, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर (वायरच्या क्लिपवर नाही, शिशाच्या खांबावर), दुसरं इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ च्या आसपास राहिला तर वाट मोकळी आहे. अर्धा व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगमध्ये अडथळा आहे. प्लसच्या बाजूलाही हेच: बॅटरीचा प्लस आणि सेल्फचा जाड वायरीचा बोल्ट यांत सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. सेल्फ अडचणीच्या जागी असेल तर ही दुसरी मोजणी गॅरेजमध्ये करून घ्या. लक्षात असू द्या, ही मोजणी सेल्फ मारतानाच करायची. गाडी उभी असताना करंट वाहतच नाही, त्यामुळे तुटत आलेली पट्टीही मीटरवर ठीक दिसते.

सेल्फ अजिबात आवाज करत नसेल तर

थोडक्यात आटपतो. बऱ्याच नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ मारत नाहीत. मॅट पेडलखाली सरकलं असेल तरी क्लच पूर्ण दबत नाही. ऑटोमॅटिक असेल तर 'पी' ऐवजी 'एन'मध्ये टाकून बघा; एनमध्ये चालू झाली तर गिअरचा स्विच तपासायचा. डॅशवर किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्ली ओळखत नाहीये, दुसरी किल्ली वापरा. बटणाची गाडी असेल तर किल्लीचा सेल संपला असेल. अशा वेळी बऱ्याच गाड्यांत किल्लीच स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबलं की चालू होते.

सेल्फवर पान्याच्या दांड्यानं हलकं ठोकल्यावर गाडी चालू झाली तर ब्रश झिजलेले असण्याची शक्यता दाट आहे. याला दुरुस्ती म्हणू नका, घरी पोचण्यापुरती ती सोय आहे.

आणि उंदीर. हसू नका. टेकडीच्या पायथ्याच्या, नाल्याकाठच्या सोसायट्यांत उभ्या गाड्यांच्या वायरी कुरतडल्या जातात आणि पावसाळ्यात तर इंजिनच्या उबेला ते मुक्कामालाच येतात. बॉनेट उघडल्यावर लेंड्या, पोळीचा तुकडा किंवा कापसासारखा चुरा दिसला तर आधी वायरींचे जुडगे टॉर्चनं नीट बघा. लोक तंबाखूची पानं ठेवतात. माझ्या शेजाऱ्यांच्या उंदरांना बहुधा सवय झाली.

सेल्फ फिरतोय, पण इंजिन पकडत नाही

किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका, काच वर आणि म्युझिक बंद ठेवून कान द्या. मागच्या सीटच्या बाजूनं दोनेक सेकंद बारीक 'ऊंऽऽ' ऐकू यायला हवं. तो पेट्रोल पंप टाकीतून दाब तयार करतो. (काही गाड्यांत तो दार उघडल्यावरच चालतो.) आवाज आलाच नाही तर फ्यूज, रिले, मग पंप. आवाज आला पण पहिल्यांदा गाडी पकडत नसेल तर किल्ली दोनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा. तसं केल्यावर लगेच चालू होत असेल तर उभ्या गाडीतला दाब उतरतोय, म्हणजे पंपाचा आतला व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळतोय.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण पुण्यात त्यांची संख्या मोठी आहे आणि चूक तीच असते. सीएनजीच्या बऱ्याच गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि मग गॅसवर जातात. पेट्रोलचा काटा तळाला ठेवून महिनोन्‌महिने गाडी चालवली की पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहत नाही, तापतो आणि मरतो. पाव टाकी तरी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे तेच पेट्रोल टाकीत साठवून ठेवणं आणखीच वाईट. बिघाड कुठल्या बाजूचा हे ओळखायला स्विच हाताशीच आहे: त्रास फक्त गॅसवर असेल तर ठिणगीचा प्लग, गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर; फक्त पेट्रोलवर असेल तर पंप आणि इंजेक्टर; दोन्हींवर असेल तर ठिणगीची कॉइल, प्लग, सेन्सर.

वेळेवरून आणखी तीन खुणा. थंड गाडी मस्त चालू होते, पण कात्रजचा घाट चढून वर चहाला थांबलात आणि मग पंधरा मिनिटं चालूच झाली नाही, थंड झाल्यावर झाली, तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा) संशय घ्या. सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटा जागचा हलला नाही तर संशय पक्का होतो. दुसरी, फक्त पेट्रोल भरल्यावर रुसते आणि मग काही मिनिटं ओढाताण करत चालते, तर टाकीतली वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो. तिसरी, फक्त डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी रुसते: कूलंटचा तापमान सेन्सर किंवा प्लग, डिझेल असेल तर सिलिंडर आधी तापवणारा ग्लो प्लग.

वारंवार सेल्फ मारून पेट्रोलचा वास यायला लागला तर दहा मिनिटं थांबा. मग अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत असं केलं की पेट्रोल बंद होऊन जास्तीचं बाहेर पडतं. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका.

एक अपवाद. गाडी पाण्यात बुडाली असेल तर यातलं काहीही करू नका. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्याही बुडाल्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीचा मायनस काढा आणि टो करून न्या.

रेस वर-खाली होते

आधी काय नैसर्गिक आहे ते बघू, कारण अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. सकाळी थंड इंजिन १२०० ते १५०० वर चालू होऊन मिनिट-दोन मिनिटांत उतरणं बरोबर आहे. गरम झाल्यावर ६५० ते ८५० च्या दरम्यान स्थिर राहावं. एसीचा कॉम्प्रेसर लागला की काटा थोडा हलतो. नव्या गाड्यांत क्लच दाबल्यावर रेस लगेच न पडता हळूहळू उतरते, तीही खोड कंपनीनं मुद्दाम ठेवलेली असते. आणि रेस वाढते पण गाडी त्या प्रमाणात ओढत नाही, हे क्लच प्लेट घसरण्याचं लक्षण. तो वेगळा विषय.

रेस ७०० वरून १५०० ला, परत ७०० ला, अशी झोक्यासारखी हलत असेल तर इंजिनला कुठून तरी चोरटी हवा मिळतेय. होतं काय, की जास्तीच्या हवेनं रेस चढते. पेडलवर पाय नसताना रेस एवढी कशी, असं बघून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल तोडतो. रेस पडते. इंजिन बंद पडेल म्हणून तो पुन्हा पेट्रोल सोडतो, ती पुन्हा चढते. इंजिन चालू ठेवून एअर फिल्टरपासून इंजिनपर्यंतच्या रबरी नळ्यांजवळ कान न्या (केस, ओढणी, मफलर फिरणाऱ्या बेल्टांपासून लांब) आणि 'स्स्स' ऐका. नळ्या वाकवून भेगा बघा. साबणाचं पाणी बाटलीनं संशयाच्या जागी थोडं फवारा. आवाज किंवा रेस बदलली तर गळती तिथेच. यूट्यूबवर कार्ब क्लीनर फवारून दाखवतात, तो पेट घेतो, गरम इंजिनवर नवख्यांनी त्याच्या नादी लागू नये. ब्रेक दाबल्यावर रेस बदलत असेल आणि ब्रेक कडक लागत असेल तर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरची नळी गळतेय. ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका.

सिग्नलला थांबताना रेस पडून गाडी बंदच होत असेल, विशेषतः एसी चालू असताना, तर थ्रॉटल बॉडीत (इंजिनला हवा सोडणारी झडप असते तिथे) काजळी साठलेली असते. हिंजवडीच्या रांगेत रोज तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालणाऱ्या गाड्यांना हे जास्त जाणवतं. साफ करणं सोपं आहे, पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर त्याची झडप बोटानं ढकलू नका. आतले गिअर मोडतात. हे काम पहिल्यांदा तरी जाणत्याकडून करून घ्या.

यात एक सापळा आहे आणि नवखे हमखास त्यात अडकतात. बॅटरी काढली-बसवली किंवा थ्रॉटल साफ केला, की ईसीयूनं शिकलेली जुनी सवय पुसली जाते आणि रेस काही काळ विचित्र होते. लोक म्हणतात, "बॅटरी बदलली आणि नवाच बिघाड झाला." गाडी चालू करून दहा मिनिटं पेडलला हात-पाय न लावता ठेवा, मग एसी लावून आणखी पाच मिनिटं, मग थोडी फिरवून आणा. तरीही जागेवर आली नाही तर गॅरेजमध्ये स्कॅनरनं पुन्हा शिकवून घ्या.

केबलचा अॅक्सिलरेटर असेल तर माझी गोष्ट आठवा आणि पेडल पायानं वर उचलून बघा. त्याआधी मॅट.

चालत्या गाडीत रेस आपोआप चढली तर ब्रेक एकदाच, जोरात आणि धरून ठेवून दाबा, क्लच दाबा किंवा न्यूट्रल करा, बाजूला घ्या आणि थांबल्यावरच किल्ली बंद करा. चालत्या गाडीत किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. टर्बो डिझेलमध्ये किल्ली बंद करूनही रेस चढतच राहिली तर ते इंजिन स्वतःचंच ऑइल जाळतंय: ब्रेक दाबून ठेवा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून ते बंद पाडा.

स्कॅनर आणि गॅरेज

स्टिअरिंगखाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं. हजार-दीड हजारात मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर तिथे लावून मोबाइलवर कोड वाचता येतो. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी ०५०६ आणि पी ०५०७ म्हणजे आयडलिंग (पेडल न दाबता राहणारी रेस) अनुक्रमे कमी आणि जास्त, पी ०१७१ म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी, पी ०३०० म्हणजे मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं). कोड संशयिताचं नाव सांगतो, गुन्हेगाराचं नाही. पी ०३३५ आला तर वायर तुटलेली असू शकते, सेन्सर ठणठणीत. कोड पुसण्याआधी लिहून घ्या. आणि सकाळी थंड इंजिनवर कूलंटचं तापमान बघा, बाहेरच्या हवेइतकंच दिसायला हवं. पुण्यात उणे ४० दिसलं तर सेन्सरची वायर निघालेली आहे.

गॅरेजमध्ये गेल्यावर "सेल्फ बघा" किंवा "बॅटरी बघा" असं म्हणू नका, ते खरंच तेवढंच बघतात. वहीतल्या नोंदी वाचून दाखवा. सकाळी रुसणारी गाडी असेल तर रात्रीच सोडून या आणि त्यांना सांगा, सकाळी थंड असतानाच चालू करून बघा. पार्ट बदलायचा म्हणाले तर शांतपणे विचारा, "हा खराब आहे हे कशावरून दिसलं?" आणि जुना पार्ट परत मागून घ्या.

रस्त्यात अडकलात तर

नवले पुलाच्या उतारावर किंवा बाह्यवळणावर बंद पडली तर आधी चारही इंडिकेटर लावा, शक्य असेल तर कडेला ढकला, माणसांना कठड्याच्या पलीकडे न्या आणि मग बॉनेट उघडा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, आणीबाणीत ११२.

जंप देताना लाल क्लिप आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला. काळी दुसऱ्या गाडीच्या मायनसला आणि शेवटची काळी तुमच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट क्रमानं. धक्का द्यायचा असेल तर किल्ली ऑन, दुसरा गिअर, वेग आला की क्लच सोडा. ऑटोमॅटिकला धक्का चालत नाही.

माझी गाडी आता व्यवस्थित आहे. मल्टिमीटर डॅशबोर्डच्या खणात असतो. गेल्या महिन्यात सहज बॅटरी मोजली तर १५.९ व्होल्ट, आणि तेही इंजिन बंद असताना. पोटात गोळा आला. दोन दिवस इकडेतिकडे विचारत फिरलो. शेवटी पद्मावतीच्या त्या पोरानं मीटर हातात घेऊन मागचं झाकण उघडलं. मीटरचा स्वतःचा ९ व्होल्टचा सेल उतरला होता. तो उतरला की मीटर आकडे वाढवून दाखवतो.